रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून आयईएलटीएसची तयारी: पासपोर्टपासून निकालापर्यंत

घरात कोणी परदेशी शिक्षणाचा किंवा नोकरीचा विषय काढला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: पुण्याला जा, खोली घे, क्लास लाव. तीन-चार महिन्यांचं खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी यांची बेरीज केली तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी त्यापुढे किरकोळ वाटते. त्यातला बराचसा पैसा अशा गोष्टींवर जातो, ज्या चिपळूणला किंवा वेंगुर्ल्याला घरी बसून फुकटात होतात. ऐकणं आणि वाचणं हे दोन भाग घरीच तयार होतात. लेखन मात्र जाणकाराने तपासल्याशिवाय सुधारत नाही आणि बोलण्याच्या सरावाला समोर माणूस लागतो. खर्च करायचाच तर तो या दोन ठिकाणी करा. पुढची सगळी आखणी याच हिशेबाने केली आहे.

आधी परीक्षा कोणती ते पक्कं करा

‘इंग्लिशची परीक्षा’ म्हणजे आयईएलटीएसच असं नाही. तुम्हाला ज्या विद्यापीठात, ज्या देशात, ज्या कामासाठी जायचं आहे त्यांच्या संकेतस्थळावर कोणती परीक्षा चालते आणि किती गुण लागतात हे स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. ती खोटी असते असं नाही, पण बऱ्याचदा जुनी असते. कॅनडाची विद्यार्थी व्हिसासाठीची एसडीएस ही जलद योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तरी तिच्या नावाने सल्ला देणारे मला त्यानंतरही भेटले आहेत.

आयईएलटीएसचे दोन प्रकार आहेत. पदवी-पदव्युत्तर शिक्षणासाठी अकॅडेमिक, आणि कॅनडाच्या पीआरसारख्या (कायम वास्तव्याच्या) स्थलांतरासाठी जनरल ट्रेनिंग. ऐकणं आणि बोलणं दोन्हींत सारखंच असतं, वाचन आणि लेखन वेगळं. नोंदणी करताना चुकीच्या प्रकारावर टिचकी पडली तर चांगले गुण मिळूनही ते कामाला येत नाहीत.

नर्सिंग केलेल्या मुलींनी ओईटीचाही, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचाही, विचार करावा. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७, तर लेखनात ६.५ बँड (या परीक्षेतले गुण) लागतात. ओईटी दिली तर तीन भागांत बी श्रेणी आणि लेखनात सी प्लस चालतो. ओईटीत निबंध नसतो. रुग्णाच्या केसच्या नोंदी दिलेल्या असतात आणि त्यावरून ४५ मिनिटांत दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं असतं. बोलण्याच्या भागात रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी संवादाचे दोन प्रसंग असतात. वॉर्डात काम केलेल्या मुलीला हे ओळखीचं वाटतं. फी मात्र आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे.

जहाजावर जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. दापोली-गुहागरपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरच्या गावांतली पुष्कळ मुलं मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांना कंपनी बहुधा मार्लिन्सची, म्हणजे खलाशांसाठीच्या इंग्रजीची, चाचणी द्यायला सांगते, आयईएलटीएस नाही. तिच्यासाठी व्याकरण आणि ऐकणं यांच्या जोडीला जहाजावरचे शब्द, आकडे, वेळा पक्क्या करा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरवलेली जहाजावरच्या संवादाची प्रमाण वाक्यं वाचून काढली तर चाचणीच्या पलीकडेही उपयोग होतो.

डुओलिंगोची इंग्रजी परीक्षा घरून देता येते आणि स्वस्त आहे, म्हणून मुलं तिच्याकडे वळतात. तुमचं विद्यापीठ ती घेत असेल तर हरकत नाही, पण जुलैत ती घरून देण्याचं धाडस करू नका. मध्येच वीज गेली किंवा नेट तुटलं की ती बैठक वाया जाते. टोफेल या आणखी एका इंग्रजी परीक्षेचं स्वरूप जानेवारी २०२६ पासून बदललं आहे, त्यामुळे शेजारच्या दादाची जुनी पुस्तकं त्यासाठी वापरू नका.

इथून पुढे मुख्यतः आयईएलटीएसबद्दल.

पासपोर्ट आणि नाव

भारतात ही परीक्षा मूळ पासपोर्ट दाखवूनच देता येते. आधार चालत नाही. पासपोर्ट नसेल तर अभ्यासाआधी त्याचा अर्ज करा, कारण पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसतं. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, एका अक्षराचाही फरक नको. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि पासपोर्टवर रचना वेगळी. घोळ तिथे होतो. लग्नानंतर नाव बदललेल्या नर्सनी पासपोर्ट, पदवी आणि कौन्सिलची नोंदणी यांवर कोणतं नाव आहे ते एका कागदावर मांडून आधीच काय बदलायचं ते ठरवावं.

तारीख ठरवताना कॅलेंडर आपलं बघा

पुण्या-मुंबईचा मुलगा रिक्षाने केंद्रावर जातो. तुम्हाला रात्रीचा प्रवास आहे. त्यामुळे तारीख निवडणं हा आपल्यासाठी तयारीचाच भाग आहे.

जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असतं. गाड्यांचा वेग कमी होतो, आणि कुठे दरड आली तर गाडी किती तास उभी राहील याचा नेम नसतो. हायवेवर घाटात तेच. त्यात गणपती. विसर्जनानंतर मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा त्या पंधरवड्यात परीक्षा ठेवूच नका. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरी कलमं आहेत त्यांना पेट्या भरण्यातून मान वर करायला फुरसत मिळत नाही. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ब्रिटनचा सप्टेंबरचा प्रवेश धरायचा असेल तर हे महिने सोयीचेही पडतात, कारण निकाल हातात घेऊन अर्ज करता येतो आणि एखादा भाग पुन्हा द्यावा लागला तरी वेळ उरतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परीक्षेची तारीख त्याआधी नक्की झालेली असली तर त्याच सकाळी तिकीट काढता येतं. केंद्र निवडताना सिंधुदुर्गवाल्यांनी मुंबईआधी गोव्याच्या तारखा तपासाव्यात, रायगडच्या उत्तर भागातल्यांनी नवी मुंबईच्या.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोलण्याची परीक्षा बाकीच्या तीन भागांच्या दिवशीच असेल असं नाही, ती काही दिवस आधी किंवा नंतरही लागू शकते. संगणकावरच्या परीक्षेसाठी नोंदणी करताना बोलण्याची वेळ दिसते. ती त्याच दिवशीची असेल तीच तारीख घ्या, नाहीतर दोनदा मुंबई गाठावी लागेल. फी सध्या १७-१८ हजारांच्या घरात आहे. भरण्याआधी तारीख बदलण्याचे आणि रद्द करण्याचे नियम वाचून ठेवा.

पहिल्या आठवड्यात अभ्यास नको, एक पूर्ण चाचणी द्या

केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांपैकी एक घ्या आणि घड्याळ लावून सलग सोडवा. ऐकणं साधारण अर्धा तास, वाचन एक तास, लेखन एक तास. मधे चहाला उठायचं नाही. ऐकणं आणि वाचन यांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की ६ बँड, ३० आले की ७. जनरल ट्रेनिंगच्या वाचनात प्रश्न सोपे म्हणून मोजणी कडक: तिथे ७ साठी ३४ च्या आसपास लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही रकाना कोरा सोडायचा नाही.

एकूण बँड म्हणजे चार भागांची सरासरी, जवळच्या अर्ध्यावर नेलेली. ६.५, ६.५, ५ आणि ७ मिळाले तर सरासरी ६.२५ येते आणि ती ६.५ धरतात. कागदावर छान दिसतं. पण विद्यापीठाची अट ‘कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको’ अशी असेल तर त्या एका ५ मुळे अर्ज अडकतो, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तो ५ बहुतेक वेळा लेखनातला असतो.

किती दिवस तयारी करायची ते या चाचणीवरून ठरवा. हव्या असलेल्या बँडपेक्षा अर्ध्या बँडने मागे असाल तर रोज दोन तास देऊन सहा-आठ आठवडे पुरतात. दीड-दोन बँड मागे असाल तर परीक्षेची तंत्रं बाजूला ठेवून आधी काही महिने नुसतं इंग्रजी वाचा आणि ऐका.

ऐकणं

रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. एखादं उत्तर सुटलं तर त्याचा शोक न करता पुढचा प्रश्न पकडायचा, ही सवय लागायला वेळ लागतो. मराठी माध्यमातल्या मुलांची गाडी बऱ्याचदा पहिल्याच सोप्या भागात अडते. कोणीतरी फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगतं आणि आपण ए, ई आणि आय यांत किंवा जी आणि जे यांत गोंधळतो. फोन नंबर सांगताना ‘डबल थ्री’, शून्याला ‘ओ’, तेरा आणि तीस यांतला फरक, हे सगळं आठवडाभर रोज दहा मिनिटं घोटून घ्या. इथे अर्धा बँड जवळजवळ फुकट मिळतो.

‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही तीन लिहिलेत तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक. ब्रिटिश की अमेरिकन स्पेलिंग याने फरक पडत नाही.

बीबीसी किंवा ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओचे कार्यक्रम चांगल्या नेटवर असताना उतरवून ठेवा, म्हणजे घरी रेंज नसली तरी अडत नाही. ऐकताना एका वाक्यावर थांबून ते जसंच्या तसं लिहून काढायचं आणि मग पुन्हा ऐकून तपासायचं. कंटाळवाणं आहे, पण मला तरी याहून गुणकारी सराव माहीत नाही.

वाचन

साठ मिनिटांत तीन मोठे उतारे. सगळं समजून घेत वाचायला बसलात तर तिसरा उतारा उरतो. उताऱ्याची मांडणी दोन मिनिटांत नजरेखालून घाला, मग प्रश्न, मग उत्तराची जागा शोधा. खरं, खोटं आणि ‘दिलेलं नाही’ या प्रकारात आपण आपलं ज्ञान घुसडतो. उतारा मासेमारीवर असला तर मच्छीमाराच्या घरातला मुलगा हमखास चुकतो, कारण त्याला विषय लेखकापेक्षा जास्त माहीत असतो. उताऱ्यात त्या विधानाच्या उलट काही म्हटलं असेल तर खोटं, आणि त्याबद्दल काहीच म्हटलं नसेल तर ‘दिलेलं नाही’.

लेखन: इथे वेळ आणि पैसा दोन्ही घाला

दोन कामं, एक तास. पहिलं किमान १५० शब्दांचं: अकॅडेमिकमध्ये आलेख, तक्ता किंवा नकाशा यांचं वर्णन, जनरलमध्ये पत्र. दुसरं किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाला दुप्पट वजन आहे, म्हणून त्याला ४० मिनिटं राखून ठेवायची.

तपासनीस चार गोष्टी सारख्या वजनाने पाहतो: विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. याचे बँडवार निकष संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते छापून भिंतीला लावा. आपल्याकडे सगळा जोर व्याकरणावर असतो आणि पहिल्या निकषावर गुण जातात. प्रश्न असतो ‘तुम्ही कितपत सहमत आहात’ आणि मुलं त्या विषयाचे फायदे-तोटे लिहून येतात. आलेखात एकेक आकडा ओळीने वाचून दाखवतात, पण एकूण काय वाढलं आणि काय घटलं हे दोन वाक्यांत सांगायचं राहून जातं. त्या दोन वाक्यांशिवाय वरचा बँड मिळत नाही.

निबंधासाठी पाच मिनिटं विचार, तीस लेखन, पाच तपासणी. एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचं कारण आणि एक उदाहरण. उदाहरणासाठी अमेरिकेत जायला नको. पर्यटनाने स्थानिकांचं भलं होतं का असं विचारलं तर तारकर्लीत घराच्या खोल्या पर्यटकांना देऊन चार पैसे मिळवणारं कुटुंब आणि मे महिन्यात तळ गाठणारी विहीर, दोन्ही बाजू तुमच्या अंगणात आहेत. पाठ केलेले निबंध टाळा. घोकलेली वाक्यं तपासनीस लगेच ओळखतो आणि गुण कमी होतात. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ छापाची सुरुवात मराठीतही नको आणि इंग्रजीतही नको.

मराठी माणसाच्या चुका बऱ्याच ठरलेल्या असतात. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं गाळणं, ‘वन ऑफ माय फ्रेंड’ म्हणून थांबणं, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’, ‘डिस्कस अबाउट’. स्वतःच्या अशा चुकांची वही ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत फक्त त्याच शोधा.

तपासून कोण देणार? प्रत्येक तालुक्यात इंग्रजीचे चांगले निवृत्त शिक्षक सापडतात. त्यांना निबंधामागे पैसे द्या, फुकट मागू नका, आणि निकषांचा तो छापील कागद त्यांच्याही हातात द्या, नाहीतर ते शाळेच्या पद्धतीने तपासतील. ऑनलाइन तपासून देणारे अनुभवी लोकही आहेत. चॅटबॉट व्याकरणाच्या चुका बऱ्या दाखवतो, पण त्याने सांगितलेल्या बँडवर विसंबून परीक्षेची तारीख घेऊ नका. तपासून आलेला निबंध दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून लिहून काढा. वीस निबंध एकदाच लिहिण्यापेक्षा आठ निबंध दोनदा लिहिलेले बरे.

परीक्षा संगणकावर देणार असाल तर टायपिंगही आलं. मोबाइलवर अंगठ्याने झरझर लिहिणारी मुलं कीबोर्डवर चाचपडतात. घरी संगणक नसेल तर जवळच्या एमएस-सीआयटी केंद्रात महिनाभर तासाचे पैसे देऊन बसा. सराव नोटपॅडवर करा, कारण परीक्षेत स्पेलिंगखाली लाल रेघ उमटत नाही.

बोलणं

‘माका इंग्रजी बोलूक येणा नाय’ असं म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा तीन-चार मिनिटं नीट बोलतो. त्याला फक्त तशी वेळ कधी आलेली नसते. परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. आधी घर, गाव, शिक्षण यांबद्दल साधे प्रश्न. मग एक कार्ड मिळतं, एक मिनिट विचाराला आणि त्यावर एक ते दोन मिनिटं बोलायचं. शेवटी त्याच विषयावर थोडी खोल चर्चा.

कार्डासाठी आठ-दहा गोष्टी तयार ठेवा, वाक्यं पाठ न करता. ऐतिहासिक वास्तू आली तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा: ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. दोन मिनिटं सहज भरतात. सण आला तर शिमग्याची पालखी. पण ज्याने पालखी कधी पाहिलीच नाही अशा माणसाला ती सांगायची आहे: काय असते, कोण नाचवतं, घरोघरी का जाते. याचा सराव केला की साधे शब्द वापरून समजावण्याची सवय लागते, आणि शेवटच्या भागात तीच लागते. तिथे ‘का’, ‘पूर्वी कसं होतं’, ‘पुढे काय होईल’ असे प्रश्न येतात. मत खरं की खोटं हे कोणी तपासत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्याचे गुण जात नाहीत.

उच्चार साहेबासारखा लागत नाही, समजणारा लागतो. आपल्याकडे व्ही आणि डब्ल्यू एकच होतात, ‘पेन’ आणि ‘पॅन’ जवळ येतात, झेडचा ‘झ’ होतो. एवढ्यावर लक्ष द्या आणि वेग कमी करा. रोज एक कार्ड घेऊन मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. आठवड्यातून दोनदा दुसऱ्या परीक्षार्थीशी फोनवर एकमेकांची परीक्षा घ्या. मैत्रिणीसमोर लाज वाटते अशांना अनोळखी जोडीदार जास्त मानवतो.

परीक्षेचा दिवस

आदल्या दिवशी दुपारपर्यंत शहरात पोहोचा आणि केंद्र पाहून या. मुक्काम डोंबिवलीच्या काकांकडे असेल आणि परीक्षा रविवारी असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघा. काकांना हेही सांगून ठेवा की रात्री गप्पांना बसणार नाही. हे सांगणं सगळ्यात अवघड असतं.

सोबत नोंदणीत दिलेला तोच मूळ पासपोर्ट. घड्याळ, मोबाइल, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. पाणी न्यायचं तर पारदर्शक, लेबल काढलेल्या बाटलीत. तिथे फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, ओल्या किंवा मेंदी लावलेल्या बोटांनी जाऊ नका. ऐकणं, वाचन आणि लेखन यांत सुट्टी नसते, त्यामुळे पोटभर पण हलकं खाऊन जा. हेडफोन चालतो का, आवाज पुरेसा आहे का हे सुरुवातीलाच तपासा आणि काही बिघडलं तर त्याच क्षणी हात वर करा. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही.

निकाल आणि त्यानंतर

संगणकावरच्या परीक्षेचा निकाल काही दिवसांतच लागतो आणि तो दोन वर्षं चालतो. एकच भाग कमी पडला असेल तर ६० दिवसांच्या आत फक्त तो भाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण ती संगणकावर परीक्षा दिलेल्यांनाच, आणि तुमचं विद्यापीठ किंवा व्हिसा कार्यालय ते गुण मानतं का हे आधी विचारा. लेखनात किंवा बोलण्यात अपेक्षेपेक्षा अर्ध्या बँडने कमी आलं आणि तुमचा तपासणारा शिक्षकही चकित झाला, तर सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते. बँड वाढला तर तिची फी परत मिळते. ऐकणं आणि वाचन यांत मात्र गुण बदलण्याची शक्यता फार कमी, तिथे ते पैसे घालवू नका.